भिंतीपलीकडे न जाणारे संगीत

आमच्या वस्तीत संगीताचा विषय निघाला की दोनच गोष्टी समोर येतात. एक, वरातीतला डीजे, ज्याने खिडक्यांच्या काचा आणि म्हाताऱ्यांची छाती एकदमच थरथरते. दुसरी, संगीत जायज की नाजायज हा न संपणारा वाद. दोन्हींत ऐकणे बाजूलाच राहते. मी सांगतोय ते हिवाळ्यात, घरात, अगदी हळू आवाजात ऐकायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताविषयी.

याला अँबियंट म्हणतात. नाव रूढ केले ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी. १९७५ च्या जानेवारीत लंडनमध्ये टॅक्सीने धडक दिल्याने ते अंथरुणाला खिळले होते. भेटायला आलेल्या मैत्रिणीने हार्पच्या जुन्या संगीताची रेकॉर्ड लावून दिली आणि ती गेली. आवाज फारच कमी, स्टिरिओची एक बाजू बंद, उठून वाढवायची ताकद नाही. बाहेर पाऊस. त्या पावसात मिसळलेले सूर ते ऐकत राहिले. त्याच वर्षी 'डिस्क्रीट म्युझिक' आले. त्यातली पहिली रचना सुमारे ३० मिनिटांची. सिंथेसायझरवरच्या दोन साध्या धुना आणि दोन टेपरेकॉर्डर. एक सूर टिपतो, तीच टेप पुढे दुसऱ्यावर जाऊन काही सेकंदांनी वाजते, तो आवाज पुन्हा पहिल्यात शिरतो. धुना एकमेकींवर साचतात, विरतात. बस, एवढेच.

माझे गझलवेडे दोस्त विचारतात, यात बोलच नाहीत, दाद कुठे द्यायची? मी उर्दू आणि मराठी शिकवतो, शब्दांवरच माझी भाकरी आहे. पण दिवसभर तासिका घेतल्यावर संध्याकाळी शब्द नकोसे होतात. गझल लक्ष मागते, मागायलाच हवे. हे संगीत मागत नाही; दिले तर घेते. म्हणून ते हलक्या दर्जाचे, हे मला पटत नाही. ॲपवर 'झोपेसाठी', 'अभ्यासासाठी' अशी लेबले लावून जो लगदा वाढला जातो, त्याची वकिली मात्र मी करणार नाही. फरक कळायला 'बायोस्फिअर' या नावाने संगीत करणाऱ्या गाइर येन्सेन यांचा १९९७ चा 'सबस्ट्राटा' ऐका. ते नॉर्वेतल्या ट्रॉम्सोचे. तिथे नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. त्या सुरांतली थंडी सजावटीची नाही.

आपला हिवाळा म्हणजे एक गोधडी आणि बंद पंखा. पण पंखा बंद झाल्यावर घरात जी शांतता येते, ती वर्षातून दोन-अडीच महिनेच मिळते.

समाला वेळ, जागा आणि सोबती लागतात, हे जुनैद बगदादींचे म्हणणे इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये नोंदवले आहे. ते वेगळ्या महफिलीविषयी आहे, मान्य. वाद्यांवरचा मतभेदही त्याने मिटत नाही. ज्यांना नको त्यांनी खुशाल ऐकू नये. मला मात्र त्यात शेजाऱ्याचा हक जोडावासा वाटतो. आमच्या आणि शेजारच्या घरात एकच पातळ भिंत आहे, पलीकडे मुलगी दहावीचा अभ्यास करते. इशानंतर मी स्पीकर इतका हळू लावतो की स्वयंपाकघरात भांडे ठेवले तरी सूर बुडतो. परवा तिच्या अम्मीने जिन्यात विचारले, "सर, तुमचा टेप बिघडला का? हल्ली काहीच ऐकू येत नाही."