विष घडवणारं जनुक बंद करून पाहू द्या

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत कडलेकाई परिशे भरते. नंदीच्या देवळाभोवती शेंगांचे ढीग लागतात. मी बंगळुरूत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, माहेर सोलापूरचं, म्हणजे शेंगाचटणीवर वाढलेली. तरी त्या ढिगांपुढे मला आधी आठवते ती अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी.

काढणीच्या तोंडावर पावसानं ताण दिला, उष्णता वाढली, की ही बुरशी शेंगेत शिरते. तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताचा कर्करोग करतं आणि दाणे भाजले तरी ते पुरतं जात नाही. 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमाभागात, बांसवाडा आणि पंचमहालात, बुरशी लागलेला मका खाऊन सुमारे 400 माणसं आजारी पडली, शंभराहून अधिक दगावली. म्हणून सुरकुतलेला, डागाळलेला दाणा टाकून द्या, हे मी प्रत्येकाला सांगते.

पण निवडून टाकणं हा शेवटचा बांध झाला. बुरशी विष केव्हा आणि का बनवते, हे कळायला तिची जनुकं एकेक करून बंद करावी लागतात. त्यासाठी कोवळ्या तंतूंची पेशीभित्तिका विकरांनी विरघळवतात, उघड्या पेशींना डीएनए देतात आणि हायग्रोमायसिन या प्रतिजैविकावर जगतील त्या वसाहती उचलतात. दुसरी वाट अ‍ॅग्रोबॅक्टेरियमची: झाडांना गाठी आणणारा हा जिवाणू आपला डीएनए बुरशीतही सोडतो, ही पद्धत 1998 पासून वापरात आहे. ऐकायला सोपं, पण डीएनए पुष्कळदा भलत्याच जागी बसतो. फ्लेव्हसच्या एकाच बीजाणूत अनेक केंद्रकं असतात, त्यामुळे बदललेली आणि न बदललेली एकत्र नांदतात. शुद्ध वाण हाती यायला महिने जातात आणि तेवढ्यात संशोधक विद्यार्थ्याची फेलोशिप संपत आलेली असते.

‘विषारी बुरशीत आणखी जनुकबदल कशाला?’ असं पालक मला विचारतात. भीती समजते. पण इथे बहुधा विषाचंच जनुक मोडतात, तेही बंदिस्त प्रयोगशाळेत, जनुकबदल केलेल्या जीवांविषयीच्या 1989 च्या नियमांखाली. या मोडतोडीतूनच विषाच्या साखळीतली एकेक कडी उलगडली. त्यांतल्या दोन कड्यांवर नेम धरून हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेनं विष जवळजवळ साठू न देणारा भुईमूग तयार केला. ते काम 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. अमेरिकेत आणि नायजेरियात विष न बनवणाऱ्या नैसर्गिक वाणांचे बीजाणू शेतात टाकतात, म्हणजे विषारी बुरशीला फारशी जागा उरत नाही.

आपल्याकडे कर्नाटकातल्या पावगड, चळ्ळकेरे आणि महाराष्ट्रातल्या सोलापूरच्या मातीतले असे वाण गोळा करून, त्यांची जनुकं तपासून, सरकारी संग्रहात जपायला हवेत. बंगळुरूच्या आणि आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठांनी हे काम एकत्र हाती घ्यावं, आणि त्याला सलग किमान पाच वर्षांचा पैसा मिळावा. दर वर्षी नव्यानं मागावी लागणारी मदत या बुरशीच्या कामाला पुरत नाही.