शेवटचा शब्द कुणाचा?

पायथन ही संगणकभाषा घडवणारे गीडो व्हॅन रॉसम यांनी १२ जुलै २०१८ रोजी सहकाऱ्यांना कळवले, की यापुढे निर्णय तुमचे तुम्ही घ्या. १९९१ मध्ये ही भाषा लोकांपुढे आली, तेव्हापासून शेवटचा शब्द त्यांचा असे. निमित्त झाले अपूर्णविराम आणि बरोबरचे चिन्ह जोडून केलेल्या एका नव्या खुणेचे. ती भाषेत आणण्याचा प्रस्ताव मंजूर झाला. पण त्यापायी इतके भांडावे लागले, इतक्या जणांचा रोष पत्करावा लागला, की माणूस थकला.

अशा भाषा सांभाळणाऱ्या, घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्या स्वयंसेवकांत मतभेद होणारच, व्हायलाही हवेत. नोकरीत पगार माणसाला धरून ठेवतो. इथे धरून ठेवणारे काहीच नसते. दुखावलेला स्वयंसेवक बहुधा राजीनामाही देत नाही. तो येईनासा होतो. त्याने सांभाळलेला भाग पोरका झाल्याचे कळते काही महिन्यांनी, चुका साचल्यावर. म्हणून ‘शहाणी माणसे आहेत, आपसात मिटवतील’ हे म्हणणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. आपसात मिटते तेव्हा पुष्कळदा ज्याची कातडी जाड तोच उरतो, आणि चांगले काम करणारा निघून जातो.

रॉसम यांनी वारस नेमला नाही, हे त्यांनी फार चांगले केले. मुख्य कार्यकर्त्यांना स्वतःची घडी स्वतः बसवावी लागली. डिसेंबर २०१८ मध्ये मतदान होऊन पाच जणांचे सुकाणू मंडळ ठरले. भाषेच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीनंतर त्याची नव्याने निवडणूक होते, एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त सदस्य त्यात चालत नाहीत, आणि दोनतृतीयांश मतांनी मंडळ खाली खेचता येते. हे शेवटचे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते.

ते नसले की काय होते, हे रस्ट या भाषेच्या समुदायात दिसले. तिथे आचारसंहिता होती, ती राबवणारे पथकही होते. २२ नोव्हेंबर २०२१ रोजी ते अख्खे पथक पायउतार झाले. वरचे मध्यवर्ती मंडळ स्वतःखेरीज कुणालाच बांधील नाही, त्याच्यावर नियम चालवता येत नाहीत, ही त्यांची तक्रार. ते मंडळ जाऊन नवे नेतृत्व मंडळ यायला जून २०२३ उजाडला.