प्रेमाची परीक्षा पंगतीत

"आमचा काही धर्म नाही, आमचा फक्त विश्वास आहे. नियम नाहीत, प्रेम आहे." नायगाव आणि डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींत, परळ-लालबागच्या खोल्याखोल्यांत हे बोलणे आता कुणाला नवीन नाही. बोलणारी पुष्कळदा आपलीच माणसे असतात. नवऱ्याची दारू, मुलाचे आजारपण, गिरणी बंद पडल्यापासून घरात मुक्कामाला आलेली बेकारी. शेजारीण प्रार्थनेला बोलावते आणि बाई जाते. मग आपले काही कार्यकर्ते तिच्यावर बाबासाहेबांशी गद्दारी केल्याचा शिक्का मारून मोकळे होतात. तिच्या घरी आजारपणात हे कार्यकर्ते किती वेळा गेले होते, हे कुणी विचारत नाही.

आम्ही त्या बाईला गद्दार म्हणणार नाही. तिच्या तोंडचे ते वाक्य मात्र आम्ही तपासणार आहोत.

मुळात ते वाक्य बंडखोराचे आहे. शब्बाथच्या दिवशी काम करू नये असा नियम होता, येशूने त्याच दिवशी आजारी माणसाला बरे केले आणि धर्ममार्तंडांचा रोष ओढवून घेतला. पुढे पौलाने तर सरळ भांडण मांडले. ख्रिस्ती होणाऱ्या परक्या लोकांनी आधी सुंता करून यहुदी नियम पाळायचे का? तो म्हणाला, नाही, श्रद्धा पुरेशी आहे. पण हे भांडण कशावरून पेटले ते आपल्या प्रवचनकारांकडून फारसे ऐकायला मिळत नाही. ते पेटले जेवणावरून. अंत्युखियात पेत्र यहुदी नसलेल्यांबरोबर एका पंगतीला बसत होता. यरुशलेमहून सनातनी मंडळी येताच तो गुपचूप बाजूला झाला. पौलाने त्याला सगळ्यांदेखत खडसावले. श्रद्धा मोठी की नियम, हा वाद ख्रिस्ती धर्मात रोटीव्यवहाराच्या प्रश्नावर लढला गेला. महाडच्या तळ्याचे पाणी ज्यांनी ओळखले आहे त्यांना यात काय पणाला लागले होते हे वेगळे सांगायला नको.

आता हेच प्रेम भारतात आल्यावर काय झाले? दक्षिणेत रॉबर्ट दि नोबिली या पाद्र्याने ब्राह्मणांसाठी ब्राह्मणी वेशातला ख्रिस्ती धर्म उभा केला, आणि १६२३ मध्ये पोपनेच बाटलेल्या ब्राह्मणांना जानवे आणि शेंडी ठेवण्याची परवानगी दिली. गोव्यात बामण, चारडो, सुदिर ही नावे बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुतली गेली नाहीत. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर कब्रस्तानात दलित ख्रिस्त्यांची मढी वेगळी ठेवायला भिंत घातली गेली. सुंता गेली, शब्बाथ गेला, यहुद्यांचे सगळे नियम गेले. मनूचा एक नियम मात्र प्रेमाच्या मांडीवर जाऊन आरामात बसला.

महाराष्ट्रात हा पेच सर्वांत उघडपणे दिसतो तो पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात, आणि त्याचा एक तुकडा आपल्या गिरगावातच घडला. जन्माने ब्राह्मण असलेल्या या बाईने १८८० मध्ये शूद्र मानलेल्या जातीतल्या बिपिन बिहारी मेधावींशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. बाप्तिस्म्यानंतर सिस्टर जेराल्डिनने आणि बिशपांनी तिच्याकडून चर्चच्या अधिकारापुढे मान तुकवण्याची अपेक्षा केली. तिने पुरुषांना शिकवावे की नाही हेसुद्धा बिशप ठरवू लागले. रमाबाईंनी साफ कळवले की एका पुरोहितशाहीचे जू मानेवरून उतरवले ते दुसऱ्या पुरोहितशाहीचे चढवायला नव्हे. इकडे पुण्या-मुंबईत सनातन्यांनी तिच्यावर चिखलफेक केली, तेव्हा १८८५ मध्ये 'सत्सार' काढून तिच्या बाजूने उभा राहिला तो आपला जोतीबा.

आणि तरीही. मार्च १८८९ मध्ये चौपाटीला 'शारदा सदन' उघडले ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी. ज्यांना जातीचे सोवळेओवळे पाळायचे होते त्यांना ते पाळायची मुभा होती. सुधारक मंडळींचा पाठिंबा टिकवायचा तर स्वयंपाकघराला हात लावून चालणार नव्हते. दोन खंडांतल्या पुरोहितांना नडलेली बाई चुलीपाशी थांबली. आम्ही तिला दोष देत नाही, त्या काळात विधवेला छप्पर देणे हेच धाडस होते. पण पुरोहिताचे नियम झुगारणे आणि जातीचा नियम झुगारणे ही दोन वेगळी कामे आहेत, एवढे त्या स्वयंपाकघरातून शिकायला हवे. दुसरे काम तिच्या हातून झाले ते १८९६-९७ च्या दुष्काळात. मध्य प्रांतातून तिने शेकडो उपाशी मुली केडगावला आणल्या, नाना जातींच्या. तिथे सोवळे पाळत बसायला जागाच उरली नाही. त्याच केडगावात बायकांनी छापखाना चालवला. तिचा विश्वास दोन्हीकडे तोच होता. चौपाटीला तो स्वयंपाकघराबाहेर उभा राहिला, केडगावला आत शिरला.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. चर्चच्या चौकटीत प्रेम मावत नाही हे त्यांनाही उमगले होते. मावत नाही हे खरेच. पण चौकटीबाहेर आलेले प्रेम कोणाच्या वस्तीत जाते, हा आमचा प्रश्न उरतोच.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातीचे निर्मूलन' लिहिताना नियमांचा धर्म आणि तत्त्वांचा धर्म असा भेद केला. नियम पाळणारा माणूस विचार न करता वागतो. तत्त्वाने वागणारा चुकू शकतो, पण जबाबदारी त्याची असते. कुणी म्हणेल, मग ख्रिस्ती मंडळी याहून वेगळे काय सांगतात? वेगळे आहे ते इथे: धर्मांतरित अस्पृश्याच्या स्थितीबद्दल लिहिताना बाबासाहेबांनी दाखवून दिले की ज्याला आपली अधोगती स्वतःच्या पापामुळे झाली असे शिकवले जाते, त्याला समाज बदलण्याची ऊर्मी मिळत नाही. प्रार्थनेच्या खोलीत बाईला धीर मिळतो, हात हातात घेणारे कुणी मिळते. तिचे दारिद्र्य कुणी घडवले, हे मात्र तिथे कळत नाही. म्हणून तर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये प्रेम पुरेसे नाही, मैत्री हवी, असे ते सांगतात.

या गोड वाक्याचा सर्वांत क्रूर वापर कोण करते माहीत आहे? सरकार. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने फक्त हिंदूंना सवलत दिली, १९५६ मध्ये शीख आले, १९९० मध्ये आपण बौद्ध आलो. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहे. युक्तिवाद असा की तुमच्या धर्मात जात नाही, म्हणजे तुम्हाला जात नाही. वेदीवरून सांगितलेले प्रेम सरकारने जसेच्या तसे खरे मानले आणि कब्रस्तानातली भिंत पाहिलीच नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग या प्रश्नावर नेमला गेला. त्यावर आपल्यातलेच काही म्हणतात, वाटेकरी वाढतील, आपण कशाला बोलायचे? मित्रहो, धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षे केंद्राने आपल्यालाही हेच ऐकवले होते. धर्म बदलला म्हणजे गावकीची नजर बदलते, हे थोतांड आपण तेव्हा मानले नाही. आता दुसऱ्याच्या बाबतीत कसे मानायचे? दलित ख्रिस्त्यांच्या हक्कासाठी आंबेडकरी संघटनांनी उघड भूमिका घ्यावी, आणि सवलतीचा एकूण कोटा वाढवून मागावा, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

आणि आपल्या घराचे काय? बावीस प्रतिज्ञा बाबासाहेबांनी तत्त्व म्हणून दिल्या. आपण त्यांची हजेरी घ्यायला लागलो आहोत. पांढरी साडी होती का, वंदना चुकली का, घरात गणपती शिरला का. हे सगळे तपासणारा कार्यकर्ता स्वतःच्या बहिणीसाठी स्थळ पाहताना 'बौद्ध' या शब्दाचा अर्थ पोटजातीपर्यंत बारीक करतो. याला आम्ही नवी भटशाही म्हणतो, कुणाला राग आला तरी.

त्या शेजारणीच्या खोलीत जायला आमची हरकत नाही. जा, बसा, ऐका. मग पास्टरला विचारा: तुमच्या मंडळीत वरच्या जातीतून आलेल्या घराने आमच्या वस्तीतली सून शेवटची कधी करून घेतली? त्याने उलटून विचारले, की तुमच्या विहारात मातंग वस्तीतून बौद्ध झालेल्या घरी शेवटचे लग्न कोणत्या साली लागले, तर साल सांगता आले पाहिजे.