रिठ्याचा अधिकार

माघ सरत आला आणि पहाटेचा गारवा अंगाला बोचेनासा झाला, म्हणजे आमच्या घरी लोकरीची वस्त्रे पेटीत रवाना करण्याची गडबड सुरू होते. आणि सह्याद्रीच्या आसऱ्याने वाढणाऱ्या रिठ्याच्या झाडांवरची फळेही त्याच सुमारास पिकू लागतात. हा योग साधून गेल्या आठवड्यात मी काष्ठौषधींच्या दुकानातून पावकिलो रिठे आणले, तेव्हा पुडी बांधता बांधता दुकानदाराने विचारले, "केसांसाठी का?" धुण्यासाठी, असे सांगितल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तीत कौतुक होते की कीव, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.

त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष? शहरात रिठ्याविषयी सध्या दोनच मते प्रचलित आहेत. एक पक्ष त्याला आजीबाईच्या बटव्यातील कालबाह्य चीज म्हणून निकालात काढतो. दुसरा पक्ष, रसायनांच्या भयाने म्हणा की नवलाईच्या हौसेने म्हणा, कपड्यांपासून फरशीपर्यंतचा सगळा कारभार त्याच्या हवाली करावयास सिद्ध होतो. उभयतांची कैफियत ऐकून घेतल्यावर मला असे वाटू लागले आहे की, खरा तंटा रिठ्याच्या गुणाचा नव्हेच, अधिकाराचा आहे. कोणत्या मामल्यात त्याचा हुकूम चालतो आणि कोणत्या मामल्यात चालत नाही, याची खातरजमा न करताच एकाने त्याला बडतर्फ केले आणि दुसऱ्याने त्याच्या नावे मुखत्यारपत्र लिहून दिले.

रिठ्याचे कवच पाण्यात कुस्करले की फेस येतो, म्हणून संस्कृतात त्याला 'फेनिल' म्हणत. 'अरिष्टक' हे त्याचे दुसरे नाव, आणि आपल्या तोंडचा 'रिठा' हा त्याचाच वंशज. लिनीअसच्या १७५३ च्या ग्रंथात नोंदलेल्या 'सॅपिंडस' या त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थही 'भारतीय साबण' असाच होतो. हा फेस सॅपोनिन नामक द्रव्याचा. त्याच्या रेणूचे शर्करेचे अंग पाण्याशी सख्य राखते आणि दुसरे अंग स्निग्धाशी. आणि मळ म्हणजे बहुतांशी तेलकटपणाने धरून ठेवलेली धूळ असल्यामुळे, हे द्रव्य पाणी व स्निग्ध यांच्यामध्ये मध्यस्थी करून ती धूळ वस्त्रावरून सोडवते. साबणही हीच मध्यस्थी करतो. परंतु तेल आणि दाहक क्षार यांच्या संयोगातून जन्मल्यामुळे त्याचे पाणी क्षारधर्मी असते, तर रिठ्याचे पाणी किंचित आम्लतेकडे झुकलेले. लोकर आणि रेशीम यांचे तंतू प्राणिज, म्हणजे प्रथिनांचे. क्षाराच्या सहवासात त्यांचा मऊपणा जातो, तेज उतरते. कापूस मात्र वनस्पतीचा पुत्र. तो क्षाराला भीत नाही. शिवाय ज्याला शास्त्रात दुष्फेन म्हणतात अशा विहिरीच्या पाण्यात साबणाचा जसा चिकट साका जमतो, तसा रिठ्याचा जमत नाही.

कापडाकापडातला हा भेद प्रयोगशाळांनीच प्रथम ओळखला, अशी मात्र कोणी समजूत करून घेऊ नये. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात, द्रव्यशुद्धीच्या प्रकरणात, रेशमी व लोकरी वस्त्रांना खारी माती, शेळीच्या लोकरीच्या कांबळ्यांना रिठे, तलम पट्टवस्त्रांना बेलफळ आणि क्षौमवस्त्रांना पांढरी मोहरी, अशी वाटणी केलेली आढळते. माणसामाणसांत अधिकारभेद कल्पिल्याबद्दल तो ग्रंथ १९२७ साली महाडास जाळला गेला, आणि ते न्याय्यच झाले. रेशमाला खारी माती लावण्याची त्याची शिफारसही आजच्या ज्ञानाला मानवणारी नाही. पण माणसांच्या बाबतीत जो भेद पाप ठरतो, तोच कापडांच्या बाबतीत शहाणपण ठरतो, एवढे त्या प्रकरणावरून ध्यानात यावयास हरकत नाही.

हे शहाणपण आमच्या आजीपाशी पोथीतून आलेले नव्हते. ते वहिवाटीने आले होते. सोवळ्याचा मुकटा आणि धाबळी रिठ्याच्या कोमट पाण्यात. देवाची तांब्यापितळेची उपकरणी चिंचेने, आणि कोकणातल्या बिऱ्हाडी असली तर आमसुलाने. चुलीवरून उतरलेली तुपकट कढई राखेने व नारळाच्या शेंडीने. सुती धोतरे परटाच्या भट्टीत. आणि पैठणीला तर पाण्याचा स्पर्शही नाही, वर्षातून दोनदा सावलीत वारा, एवढाच तिचा सत्कार. सोनाराच्या दुकानी पाटल्या उजळावयास दिल्या, की तोही त्या रिठ्याच्याच पाण्यात घालून ब्रशाने घाशी. चिंचेतील आम्ल धातूवरचा काळवंडलेला थर विरघळवते आणि राखेतील क्षार कढईच्या तुपाशी मिळून जागच्या जागी थोडासा साबणच तयार करतो, ही उपपत्ती आजीला ठाऊक नव्हती. परंतु मुकट्याला राख आणि कढईला रिठा लावण्याची चूक तिच्या हातून जन्मात झाली नसती.

पुढे १९५९ साली 'सर्फ' आणि १९६९ साली अहमदाबादेहून 'निरमा' अवतरले, आणि पाहता पाहता घरातील सर्व वस्त्रप्रावरणांवर एकाच भुकटीचा अंमल बसला. या स्थित्यंतराला केवळ दूषणे देणे कृतघ्नपणाचे होईल, कारण धोपटण्याच्या आणि घासण्याच्या ज्या श्रमातून त्या भुकटीने घरोघरच्या स्त्रियांची अंशतः सुटका केली, ते श्रम आमच्यासारख्या लेखण्या चालवणाऱ्या पुरुषांनी कधी केलेच नव्हते. माझी तक्रार एवढीच आहे की, भुकटी एक झाली तेव्हा हात लावण्यापूर्वी कापड ओळखण्याची गरज संपली, आणि गरज संपली तशी ती ओळखही संपली.

आता त्या भुकटीला विटलेले सद्गृहस्थ नैसर्गिक द्रवाची बाटली घरी आणतात, आणि तीतूनच लुगडी, भांडी व फरशी धुतात. ही क्रांती नव्हे, केवळ सुभेदाराची बदली आहे. शिवाय बाटलीवरील 'वनस्पतिजन्य' या शब्दाची सनदही तपासून घ्यावी लागते. कारण कारखान्यात बनणारी कित्येक फेसाळ द्रव्ये खोबरेलापासून किंवा पामच्या तेलापासूनच काढलेली असतात, आणि त्यांना वनस्पतिजन्य म्हणणे असत्य नसले, तरी रिठ्याशी त्यांचे नाते सांगणे हे दूरच्या सोयरिकीवर वारसा सांगण्यासारखे आहे.

निसर्गातले ते सारे निरुपद्रवी, हाही असाच एक गोड भ्रम. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांना घातक ठरते, आणि म्हणून ते धारण करणाऱ्या वनस्पती ठेचून साचल्या पाण्यात टाकून मासे गुंगवण्याची रीत कित्येक आदिवासी समाजांत होती. तेव्हा रिठ्याचे पाणी बागेतल्या कमळाच्या हौदात ओतू नये; आणि ते डोळ्यात गेले असता काय होते, हे दिवाळीच्या पहाटे शिकेकाईने न्हालेल्या प्रत्येकाला ठाऊक आहेच.

माझ्याही हातून या नव्या उत्साहात एक प्रमाद घडला. शालीसाठी काढलेले पाणी उरले, ते वाया का घालवा, या काटकसरीच्या बुद्धीने मी त्यात एक पांढराशुभ्र सुती सदरा रात्रभर भिजवला. रिठ्याचे पाणी मधाच्या रंगाचे असते, आणि त्याने तो रंग सदऱ्याला उदारपणे दिला. कॉलरचा तेलकट मळ मात्र होता तेथेच राहिला.

शालीची हकीकत निराळी. आठदहा रिठे फोडून त्यांतील काळीभोर बी काढून टाकली, कवचे रात्रभर भिजत घातली, सकाळी पाव तास उकळून हाताने कुस्करली आणि पाणी फडक्यातून गाळून घेतले. हे पाणी दोनचार दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढेच करावे. ते कोमट पाण्यात मिसळून शाल त्यात हलक्या हाताने दाबली, पिळली नाही. दोन पाण्यांतून काढली, टॉवेलात गुंडाळून ओल टिपली आणि सावलीत आडवी पसरली. फेस फारसा झाला नव्हता, सुगंध तर मुळीच नव्हता. आणि संध्याकाळी घडी घालताना लोकर हाताला जशी लागली, तशी ती गेल्या कित्येक वर्षांत लागली नव्हती.

शाल पेटीत गेली आहे. सदरा फडक्याच्या हुद्द्यावर रुजू झाला असून तूर्त माझ्या सायकलच्या सेवेत आहे. पुडीत अजून मूठभर रिठे शिल्लक आहेत. ते मी पुढच्या माघापर्यंत मुकट्यासाठी आणि घोंगडीसाठी राखून ठेवले आहेत, आणि आजच सकाळी, कोणताही संकोच न बाळगता, धोतरांसाठी साबणाची वडी विकत आणली आहे.

— गृहस्थ