ब्रँच काढलीत, पण परत कधी येणार?

गेल्या विकांताला मोरगावला घरी होतो. देवळाबाहेर अष्टविनायकाची एक बस उभी. रांजणगाव उरकून मंडळी पुन्हा मोरेश्वराला आलेली. यात्रा इथून सुरू करायची आणि इथेच परत येऊन पूर्ण करायची, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आम्हा आयटीवाल्यांना मात्र कळत नाही!

माझंच सांगतो. एका ओपन सोर्स प्रोजेक्टसाठी तीन महिने एकाच ब्रँचवर बसलो होतो. एक बग, एक नवं फीचर, आणि जाता जाता अख्ख्या फाइलींचं फॉरमॅटिंग. तोवर मेन ब्रँच कुठल्या कुठे गेलेली. पुल रिक्वेस्ट टाकली तर कॉन्फ्लिक्टच कॉन्फ्लिक्ट. उत्तर आलं, "तुकडे करून पाठवाल का?" डोकंच फिरलं. पण खरं सांगू? बगचा चार ओळींचा उपाय लोकांना हवा होता, आणि तो माझ्या हौसेपायी अडकून पडला होता.

खुद्द गिटचा प्रोजेक्ट बघा. लिनस टॉरवाल्ड्सने २००५ मध्ये सुरू केला, त्याच वर्षी जुनियो हमानोकडे सोपवला. तिथे प्रत्येक विषयाची वेगळी ब्रँच. ती साधारणपणे आधी 'नेक्स्ट'मध्ये जाते, तिथे मुरते, मग 'मास्टर'मध्ये. एक विषय फसला म्हणून दुसरा अडत नाही.

"पण माझं काम मोठं आहे हो!" असू दे की. छोट्या कमिटांची ओळ लावा, प्रत्येक कमिटला कोड बिल्ड झाला पाहिजे. आणि कृपा करून दोन माणसांच्या प्रोजेक्टवर डेव्हलप, रिलीज, हॉटफिक्स असा ऑफिसातला थाट नको. २०१० मध्ये गिट-फ्लो मांडणाऱ्या व्हिन्सेंट ड्रिसेननेच २०२० मध्ये लिहिलं, की सतत रिलीज होणाऱ्या वेब ॲप्सना त्याहून साधी पद्धत बरी.

ब्रँच काढणं फुकट आहे, सांभाळणं नाही. तिचं भाडं रिव्ह्यू करणारा भरतो, तेही स्वतःच्या विकांतातून.

तेव्हा एक विषय, एक ब्रँच. अधूनमधून मेनवर रीबेस. मर्ज झाली की डिलीट.

असो. पटलं नसेल तर या मोरगावला, कऱ्हेकाठी बसून भांडू!