हात शंभर, डोके एक?



एकमत झाले म्हणजे सत्य सापडले, असे नव्हे. अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञ मॉरिस डीग्रूट यांनी १९७४ साली मतांचे गणित मांडले. प्रत्येक जण इतरांच्या मतांना आपल्या विश्वासाप्रमाणे वजन देतो, सरासरी काढतो, आपले मत बदलतो. माणसे एकमेकांशी जोडलेली असली, की असे होता होता सारे एकाच मतावर येतात. पण ते बरोबर असते का? गोलब व जॅक्सन यांनी २०१० मध्ये दाखवले, की एकाच्याच शब्दाला भलते वजन असेल तर त्याची चूक साऱ्यांची होते. माणसे कितीही वाढवा.

म्हणून आम्ही म्हणतो, कांद्याचा उत्पादनखर्च ठरवताना आधी प्रत्येकाने आपल्या शेताचा हिशेब मांडावा. पुढाऱ्याने शेवटी बोलावे. नाहीतर हात शंभर वर होतील, हिशेब मात्र एकाचाच राहील.