विश्लेषण : विमान कंपनी बुडाली, तर विमाने कोणाची? नव्या कायद्याने काय बदलले?

भारतात उडणारी बहुतेक प्रवासी विमाने ज्या कंपनीच्या रंगात रंगवलेली असतात, त्या कंपनीच्या मालकीची नसतात. ती भाड्याची असतात. ‘गो फर्स्ट’ बंद पडल्यावर तिची ५४ विमाने सोडवून घेण्यासाठी मालकांना जवळपास वर्षभर न्यायालयात झगडावे लागले. त्या धड्यातून २०२५ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला. हा कायदा काय सांगतो, त्यातून कोणाला दिलासा मिळतो आणि तो वापरणारी जाणकार माणसे कुठून येणार, याचा हा आढावा.

विमाने भाड्याने का घेतात?

एक नवे प्रवासी विमान शेकडो कोटी रुपयांना पडते. एवढा पैसा एकदम गुंतवण्यापेक्षा दरमहा भाडे देणे कंपन्यांना परवडते. त्यातली रूढ पद्धत अशी : कंपनी उत्पादकाकडे घाऊक मागणी नोंदवून सवलत मिळवते, विमान हाती येताच ते भाडेपट्टा कंपनीला विकते आणि तेच विमान काही वर्षांसाठी भाड्याने परत घेते. विक्रीतून रोकड मिळते, विमानही ताफ्यात राहते.

या व्यवसायाचे जागतिक केंद्र आयर्लंड आहे. टोनी रायन यांनी १९७५ मध्ये शॅनन येथे ‘गिनेस पीट एव्हिएशन’ स्थापन केली, तेव्हापासून तिथे हा धंदा रुजला. भारताने हा व्यवहार मायदेशी वळावा म्हणून गुजरातमधील ‘गिफ्ट सिटी’त सवलती दिल्या आहेत. तरीही बहुतेक भाडे आजही डॉलरमध्ये परदेशी जाते. म्हणजे रुपया घसरला की तिकीट विक्रीत काहीही न बदलता कंपनीचा खर्च वाढतो.

‘केपटाऊन करार’ काय आहे?

घर गहाण ठेवले तर ते जागचे हलत नाही. विमान मात्र सकाळी मुंबईत, दुपारी दुबईत असते. ते जप्त करायचे तर कोणत्या देशाचा कायदा लावायचा? या प्रश्नावर नोव्हेंबर २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे आंतरराष्ट्रीय करार आणि विमानांसाठीचा स्वतंत्र मसुदा स्वीकारला गेला. विमान व इंजिनांवरील हक्कांची नोंद करणारी आंतरराष्ट्रीय नोंदवही डब्लिनमध्ये आहे. तीत आधी नोंद झालेला हक्क सामान्यतः आधी मानला जातो.

करारातील कळीचा कागद म्हणजे ‘आयडेरा’. विमान भाड्याने घेतानाच कंपनी हे अधिकारपत्र मालकाला लिहून देते आणि ते एकतर्फी मागे घेता येत नाही. हप्ते थकले, तर मालक ते दाखवून विमानाची नोंदणी रद्द करण्याची आणि ते देशाबाहेर नेण्याची मागणी करू शकतो. नोंदणी महत्त्वाची, कारण १९४४ च्या शिकागो करारानुसार विमान एका वेळी एकाच देशात नोंदलेले असू शकते. भारतीय विमानावरील ‘व्हीटी’ ही अक्षरे निघाल्याशिवाय ते दुसऱ्या देशातील कंपनीला देता येत नाही.

भारत २००८ मध्ये या करारात सामील झाला. पण तो देशात बंधनकारक करणारा कायदा संसदेने केला नाही. २०१८ आणि २०२२ मध्ये मसुदे निघाले, पण त्यांचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

मग ‘गो फर्स्ट’मध्ये अडले कुठे?

मुंबईस्थित ‘गो फर्स्ट’ने २ मे २०२३ रोजी स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला. इंजिन पुरवठादाराने वेळेवर इंजिने न दिल्याने निम्मी विमाने जमिनीवर असल्याचा तिचा दावा होता. पुरवठादाराने तो फेटाळला. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने १० मे रोजी अर्ज दाखल करून घेतला आणि दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ नुसार स्थगिती लागू झाली.

या कलमानुसार, दिवाळखोर कंपनीच्या ताब्यातील वस्तू तिच्या मालकालाही परत नेता येत नाही. हेतू चांगला आहे : कंपनी सावरण्याची संधी मिळावी, प्रत्येकाने आपापले सामान ओढून नेऊ नये. पण मालकांनी तोवर भाडेपट्टे संपवून नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे ‘डीजीसीए’कडे, नोंदणी रद्द करण्याचे अर्ज दिले होते. १९३७ च्या विमान नियमांनुसार ‘आयडेरा’ आल्यावर पाच कामकाजी दिवसांत निर्णय अपेक्षित होता. एकीकडे हा नियम, दुसरीकडे संसदेने केलेली संहिता. डीजीसीएने स्थगितीकडे बोट दाखवून अर्ज थांबवले.

उभे विमान म्हणजे तोटा का?

विमान उडत राहिले तरच सुस्थितीत राहते. उभ्या विमानाची इंजिने झाकावी लागतात, ठरावीक काळाने चालवावी लागतात, ओलावा व गंज यांची तपासणी करावी लागते. मुंबईच्या पावसाळ्यात तर हे अधिकच. काही सुटे भाग गायब झाल्याची आणि काहींना गंज चढल्याची तक्रार मालकांनी दिल्ली उच्च न्यायालयात केली. जुलै २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना तपासणी व देखभालीची मुभा दिली.

कागदपत्रांचे मोलही तितकेच. इंजिनातील ठरावीक आयुष्य असलेल्या प्रत्येक भागाचा पहिल्या दिवसापासूनचा हिशेब लागतो. ती नोंद हरवली, तर धडधाकट भागही बाद समजला जातो आणि विमानाची किंमत कोसळते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून केपटाऊन कराराखालील विमाने व इंजिने स्थगितीतून वगळली. ती आधीच सुरू असलेल्या प्रकरणाला लागू होते का, यावरही वाद झाला. अखेर २६ एप्रिल २०२४ रोजी उच्च न्यायालयाने ५४ विमानांची नोंदणी पाच कामकाजी दिवसांत रद्द करण्याचा आदेश दिला. विमाने गेल्यावर सावरण्यासारखे फारसे उरले नाही. जानेवारी २०२५ मध्ये कंपनी अवसायनात निघाली.

नव्या कायद्यात काय आहे?

‘विमान वस्तूंमधील हितसंबंध संरक्षण’ कायदा संसदेच्या दोन्ही सभागृहांनी एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केला. केपटाऊन कराराला त्याने देशात कायद्याचे बळ दिले. दुसऱ्या कायद्याशी विसंगती आल्यास या कायद्यातील तरतुदी वरचढ ठरतील. नोंदणी व नोंदणी रद्द करण्याची जबाबदारी डीजीसीएकडे आहे. कंपनीला आपल्या थकबाकीची माहिती तिथे द्यावी लागेल. मालकालाही कारवाईपूर्वी डीजीसीएला कळवावे लागेल.

दिवाळखोरीत भारताने दोन महिन्यांची मुदत स्वीकारली आहे. तेवढ्यात प्रशासकाने थकबाकी फेडून पुढील हप्त्यांची हमी द्यावी किंवा विमान सोडावे.

यातून भाडे स्वस्त होईल का? जोखीम कमी झाली की व्याज व अनामत रक्कम कमी व्हायला हवी, असा तर्क आहे. ‘इंडिगो’ची ५०० आणि ‘एअर इंडिया’ची ४७० विमानांची २०२३ मधील मागणी पाहता, दरातील किरकोळ फरकही मोठा ठरतो. तो तिकिटापर्यंत पोहोचेल का, हे मात्र स्पर्धेवर अवलंबून आहे. दोनच मोठे समूह बाजार व्यापून असताना बचत कंपनीच्या खिशातच राहू शकते.

कर्मचारी आणि प्रवाशांचे काय?

इथे कायद्याची दुसरी बाजू दिसते. करारात सामील होताना भारताने काही देण्यांना अग्रक्रम राखून ठेवला : कर्मचाऱ्यांचे थकीत वेतन, विमानाच्या वापराशी निगडित कर व सरकारी आकार, आणि ताब्यातील विमानावर दुरुस्ती करणाऱ्याचे बिल. पण वेतनाला हे संरक्षण भाडेपट्ट्यातील कसूर जाहीर झाल्यानंतरच्या काळापुरते आहे. प्रत्यक्षात पगार बहुधा त्याआधीपासूनच रखडू लागतात. ते आधीचे महिने या अग्रक्रमाबाहेर राहतात.

तिकीट काढून बसलेल्या प्रवाशाला तर कोणताच अग्रक्रम नाही. तो असुरक्षित देणेकऱ्यांच्या रांगेत, शेवटाकडे. आणि विमाने दोन महिन्यांत परत जाणार असतील, तर डबघाईला आलेली कंपनी वाचवण्याची शक्यताही आक्रसते. ‘किंगफिशर’ आणि ‘जेट एअरवेज’नंतर हा धोका पुस्तकी राहिलेला नाही.

कायदा असला की विमान मिळतेच का?

नाही. रशियाही केपटाऊन करारात आहे. तरीही २०२२ मध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर निर्बंध लागले, तेव्हा परदेशी मालकीची ४०० हून अधिक विमाने तिथे अडकली. मालकांना भरपाईसाठी विमा कंपन्यांविरुद्ध न्यायालयात जावे लागले. करार किती टिकतो, हे शेवटी त्या देशातील यंत्रणा तो किती पाळते यावर ठरते.

जाणकार कोण घडवणार?

हे क्षेत्र दोन विद्यांच्या सीमेवर आहे. भाडेपट्ट्यात विमान कोणत्या स्थितीत परत द्यायचे याची पाने भरतात : इंजिनाचे उरलेले तास, उड्डाणांची संख्या, चाकांची व ब्रेकची झीज. फक्त कर्ज-करार जाणणाऱ्या वकिलाला ती पाने आकड्यांची यादी वाटतात. फक्त विमान जाणणाऱ्याला त्यामागचे पैसे दिसत नाहीत. जप्तीनंतरही विमान तपासून, परवाने घेऊन वैमानिकानेच बाहेर न्यावे लागते. म्हणूनच वित्त-कायद्यात कारकीर्द केलेला आणि स्वतः विमान चालवलेला माणूस निवृत्तीनंतर शिकवू लागतो, तेव्हा तो पुस्तकात नसलेले बरेच काही वर्गात आणतो.

कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात हवाई कायद्याची संस्था १९५१ पासून आहे. भारतात हैदराबादच्या ‘नालसार’ विधि विद्यापीठात हवाई कायद्याचा अभ्यासक्रम चालतो. पण ताफ्यात शेकडो विमाने वाढणार असताना अशा जागा मोजक्याच आहेत. मुंबईत दोन मोठ्या कंपन्या बुडालेल्या पाहिल्या. त्या खटल्यांतून शिकलेले वकील, अभियंते आणि वैमानिक आपल्याकडे आहेत. त्यांना विधि महाविद्यालयांच्या वर्गांत आणले नाही, तर पुढच्या वेळी कायदा असेल, पण तो पाच दिवसांत वापरता येईल अशी माणसे शोधावी लागतील.